साडेअकरा

आदेश शुक्रवारी आला, व्हॉट्सअ‍ॅपवर,
तिरपा फोटो, कडेला कुणाचा तरी अंगठा.
रविवारी रात्री बाराला
आडोली ग्रामपंचायत संपणार
आणि सोमवारी आम्ही कोल्हापूर.

मी दप्तर बांधायला घेतलं.
घरफाळ्याच्या वह्या, पाणीपट्टी, ठरावबुकं.
एक अठ्ठावन्न सालचं, कसरीनं खाल्लेलं:
गावविहीर सगळ्यांना खुली करण्याचा ठराव,
अकरा सह्या, सतरा अंगठे,
आणि पान उलटलं की तोच ठराव रद्द.
तेही बांधलं. गाव म्हणजे तेही.

बाबालाल मुजावर धोतराच्या चिंधीनं
गोल शिक्का पुसत बसलेला.
"ह्यो पन द्यायचा?"
द्यायचा.
त्यानं आणखी एकदा पुसला.

मोर्चे काढून झाले होते आमचे.
ट्रॅक्टर आडवे लावून रस्ता अडवला,
मी पगारी माणूस, घोषणा मनातल्या मनात.
शहरवाले म्हणायचे, केएमटी आमची, दवाखाना आमचा,
पोरं शिकायला आमच्यात,
मग फाळा तेवढा तुमचा कसा?
बोलणं खोटं नव्हतं.
म्हणूनच झोंबायचं.

हसत होती ती एकटी तानूआक्का.
सतराव्या वर्षी मंगळवार पेठेतनं आली,
शिवेवर नारळ फोडून आत घेतली,
तरी बासष्ट वर्षं गावानं तिला
कोल्हापूरवालीच म्हटलं.
रस्सा तिखट झाला, पेठेतला हात.
भांडणात आवाज चढला, तालमीच्या गल्लीतली.
आणि माहेरी गेली की भाच्यांची पोरं ओरडायची,
आडोलीची आत्ती आली.

रविवारी सांजचं कट्ट्यावर म्हणाली,
"लई चिडवलासा मला. आता बोंबला.
तुमी सगळीच कोल्हापूरवाली झालासा.
मला जायाला नको का यायला नको,
म्हायारच चालत आलंय दारात."
मग गुडघ्यावर हात टेकून उठली,
"जातो मी, दूध तापवायचंय."

पहाटे पाचला हिंदुराव माझ्या दारात.
"आई गेली."
चहा घेतला नाही. चप्पल घातली, काढली.
"नोंद कुठं करायची?"
आता महापालिकेत, मी म्हणालो.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
"आडोलीत घाल की."

गाठोड्याची गाठ मीच घट्ट मारलेली,
दातांनी सोडवावी लागली.
मृत्यूचं रजिस्टर, शेवटचं भरलेलं पान,
खाली तीन ओळी रिकाम्या.
नाव लिहिलं. वय लिहिलं. कारण, वार्धक्य.
वेळेच्या रकान्याशी पेन थांबलं.
तिला काय हवं होतं, मला माहीत नाही.
कट्ट्यावर ती हसत होती,
पण हसणं म्हणजे होकार नव्हे,
एवढं ग्रामसभेत बसून कळलंय मला.

रात्री साडेअकरा, असं लिहिलं.
बावीस वर्षांच्या नोकरीतली दुसरी खोटी नोंद.
पहिली सांगणार नाही.

पॅड वाळलेलं. बाबालालनं शिक्क्यावर
तोंडाची वाफ सोडली, दोनदा,
आणि दाबला.
मुक्काम पोस्ट आडोली, तालुका करवीर,
'आ' जरा पुसट उमटला.

हिंदुरावनं दाखला वाचला, परत वाचला.
"जिती होती तवर कोल्हापूरवाली," म्हणाला,
"आनि मेल्यावर तेवढी आपली."
रडायला तो तिथं आला,
त्याआधी नाही.

गाडी साडेदहाला आली.
ड्रायव्हरनं काच खाली केली,
"आडोली हीच का?"
"काल रातच्यापातुर," बाबालाल म्हणाला.
मी म्हणालो, हीच.
पाटी अजून होती तशीच होती.
आम्ही दप्तर चढवायला लागलो.